पहिली जुनी इटालियन स्पोर्ट्स कार: फियाट १२४ स्पायडर घेताना आणि सांभाळताना

पुण्यात काकांकडे प्रीमियर ११८ एनई होती. वरून फियाट १२४ चा चौकोनी डबा, पोटात निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन. त्याच १२४ ला दोन दरवाजांची, उघड्या टपाची, लांब नाकाची बहीण आहे हे मला कॅलिफोर्नियात आल्यावर कळलं. सनीव्हेलच्या एका सिग्नलला ती शेजारी येऊन उभी राहिली. तिचा आवाज ऐकला आणि त्या रात्री जाहिराती चाळायला सुरुवात केली.

पुढच्या वर्षभरात मी शक्य त्या बहुतेक चुका केल्या. त्यातल्या निम्म्या तरी तुमच्या वाचाव्यात म्हणून हे लिहितोय. कागदपत्रांचा भाग कॅलिफोर्नियापुरता आहे, दुसऱ्या राज्यात नियम वेगळे. गंजाचा भाग मात्र सगळीकडे तोच.

१. हीच गाडी का?

पहिली जुनी इटालियन गाडी म्हणून फेरारीची स्वप्नं बघू नका. अल्फा रोमिओची स्पायडरही सुंदर आहे, पण १२४ स्पायडर हाताशी लागण्यासारखी आहे. १९६६ च्या तोरिनोच्या प्रदर्शनात ती आली आणि फियाटच्या नावाने १९८० च्या पुढेपर्यंत विकली गेली. शेवटची काही वर्षं पिनिनफारिना, म्हणजे तिची बॉडी बांधणारी इटालियन कंपनी, ती स्वतःच्याच नावाने विकत होती, तेही १९८५ मध्ये थांबलं. बॉडीचं डिझाइन पिनिनफारिनातल्या टॉम त्यार्दा या अमेरिकन माणसाचं. इंजिन ऑरेलिओ लाम्प्रेदींचं, जे त्याआधी फेरारीची इंजिनं करत. डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि हे साठच्या दशकात. बहुतेक गाड्या अमेरिकेतच आल्या, त्यामुळे सुटे भाग इथे घरपोच मिळतात.

इंग्लंड किंवा भारतातून वाचत असाल तर एक लक्षात ठेवा: कारखान्यातून उजव्या स्टिअरिंगची १२४ स्पायडर कधीच निघाली नाही. कुठे दिसली तर ती नंतर कुणीतरी फिरवलेली आहे.

२. रंग नंतर, आधी साल

कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग तपासणी, म्हणजे धुराची चाचणी, माफ आहे. १९७६ पासूनच्या गाडीला ती दर दोन वर्षांनी आणि मालक बदलतानाही करावी लागते. तिथे धुराइतकेच सुटे भागही बघतात. एअर पंप, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, व्हॅक्यूमच्या नळ्या, सगळं मूळ जागी हवं. बदललेल्या भागावर राज्याच्या मंजुरीचा नंबर हवा.

मी आधी १९७९ ची एक लाल गाडी बघितली होती. मालक अभिमानाने म्हणाला, "मी तो सगळा कचरा काढून टाकला, आता बघ कशी पळते." पळत होती खरी. पण तो कचरा परत बसवल्याशिवाय ती माझ्या नावावर झालीच नसती, आणि ते भाग आता दुर्मिळ. खाजगी विक्रीत स्मॉगचं प्रमाणपत्र देणं ही विकणाऱ्याची जबाबदारी असते आणि ते ९० दिवसांच्या आतलं लागतं. "तुम्ही करून घ्या, शंभर डॉलर कमी करतो" असं कुणी म्हणालं की नमस्कार करून निघा.

म्हणून इथे राहणाऱ्याने १९७४ किंवा १९७५ ची बघावी असं माझं सरळ मत आहे. १९७४ पासून १७५६ सीसीचं इंजिन मिळतं, जे या गाडीला शोभतं. नंतरच्या दोन लिटरच्या, फ्युएल इंजेक्शनवाल्या गाड्या रोज चालवायला जास्त समंजस आहेत, पण स्मॉगची तयारी ठेवून घ्या.

३. पैशाचे तीन वाटे

खिशात जेवढे आहेत तेवढ्याची गाडी घेऊ नका. दोन वाटे गाडीला आणि एक वाटा पहिल्या वर्षाला. हा तिसरा वाटा लागतोच. "सगळं काम झालेलं आहे" या वाक्याने तो वाचत नाही. झालेल्या कामाच्या पावत्या असतील तर थोडा वाचेल.

पडीक गाडी स्वस्तात घेऊन हळूहळू उभी करू, हा विचार पहिल्या गाडीला नको. डेंटिंग-पेंटिंगची मजुरी इथे अशी आहे की अर्धवट उघडलेली गाडी तशीच अर्धवट विकावी लागते. तसल्या जाहिराती वाचा, "नव्वद टक्के काम पूर्ण" असं लिहिलेलं असतं.

४. जाण्यापूर्वी फोनवर विचारायचं

पिंक स्लिप, म्हणजे मालकीचा कागद, तुमच्याच नावावर आहे का? रजिस्ट्रेशन चालू आहे की गाडी न चालवण्याच्या नोंदीत टाकली आहे? टायमिंग बेल्ट कधी बदलला, पावती आहे का? गाडी रात्री कुठे उभी असते? शेवटची विनंती: "मी येईन तेव्हा इंजिन थंड ठेवा." पोचल्यावर सगळ्यात आधी बॉनेटवर हात ठेवायचा. कोमट लागलं तर मालकाने काहीतरी लपवायला आधीच सुरू केलं होतं असं समजायचं.

५. पत्रा

या लेखातला बाकी सगळा मजकूर विसरलात तरी चालेल, हा भाग विसरू नका. इंजिन उतरवून बांधता येतं, गिअरबॉक्स दुसरा मिळतो. गंजलेली बॉडी मात्र पैसे गिळत राहते. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार उचलते, आणि टप कापडी असल्याने तो भार खालच्या पत्र्यावर येतो.

सोबत न्या: फडक्यात गुंडाळलेलं छोटं चुंबक, विजेरी, दांड्याला लावलेला आरसा, जॅक आणि स्टँड, मल्टिमीटर, कॉम्प्रेशन गेज, आणि खाली झोपायला जुने कपडे.

पहिली जागा म्हणजे पुढच्या शॉक अ‍ॅबसॉर्बरचे बुरूज. बॉनेट उघडलं की दोन्ही बाजूंना दिसतात. इथे पत्रे एकावर एक आहेत. मधे पाणी शिरलं की ते आतून फुगतात, एखाद्या जुन्या वहीची पानं भिजून फुगावीत तसे. वरून रंग ठीक असतो, म्हणून चाकाच्या बाजूनेही खालून विजेरी टाकून बघा. भेगा दिसल्या, वेल्डिंगची ओबडधोबड पट्टी दिसली, किंवा तिथेच ताजा काळा डांबरी थर दिसला, तर विचारा. मी बघितलेल्या त्या लाल गाडीत उजव्या बुरुजाला चुंबक चिकटलंच नाही. खरखरून घसरलं आणि खाली पडलं. मालक म्हणाला, "ते नेहमीचंच आहे." पुटी होती, आपल्याकडचे पेंटर जिला लांबी म्हणतात ती. भार पेलणाऱ्या जागेत लांबी भरलेली!

त्यानंतर दरवाजाखालच्या लांब पट्ट्या, ज्यांना इथे रॉकर म्हणतात. यांची एक सोपी परीक्षा आहे. दरवाजा बंद करून त्याच्या कडेची फट बघा. मग एका बाजूला जॅक लावून गाडी उचला आणि तोच दरवाजा उघडून लावा. फट बदलली, दरवाजा अडकला, तर बॉडी मधे वाकते आहे. पुढे काही बघू नका.

बाकीच्या जागा भराभर: पायाखालची जमीन (गालिचा उचलायला सांगा, नाही म्हणाला तर उत्तर मिळालं), मागच्या अ‍ॅक्सलचे दांडे बॉडीला जिथे जोडले आहेत ते कोपरे, डिकीत स्टेपनीचा खड्डा, मागच्या चाकांच्या कमानी, दरवाजांचा खालचा काठ, बॅटरी जिथे असेल तिथला तिच्याखालचा पत्रा. दरवाजाच्या खालच्या कडेला बोट फिरवताना कापलं तर गंज आहे.

समुद्राजवळची गाडी आणि बर्फावर मीठ टाकतात त्या राज्यातून आलेली गाडी, दोन्हींपासून सावध. समुद्रापासून दूर, कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत उन्हात पडलेली, फाटक्या सीटची, रंग उडालेली गाडी चकचकीत गाडीपेक्षा कितीतरी बरी. कोरड्या उन्हात सीट फाटतात, पत्रा टिकतो.

६. मग इंजिन

थंड असताना चालू करा आणि आरशात धूर बघा. सुरुवातीला पांढरी वाफ चालते. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर हेड गास्केटचा संशय घ्या. तेलाचं झाकण काढा. आतल्या बाजूला ताकावरच्या लोण्यासारखा पिवळट थर असेल तर तोच संशय पक्का. उतारावर पाय काढून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबताना निळा धूर आला तर व्हॉल्व्हचे सील किंवा गाइड गेले आहेत. तो खर्च परवडण्यासारखा असतो, पण भावात तो धरा. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चारही सिलिंडरचं घ्या. आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा, दहा टक्क्यांच्या आत असावा.

चालवताना तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरला आणा. करकरलं तर दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर अलगद जुळवणारी कडी) गेलेला आहे. या गिअरबॉक्सचं ते जुनं दुखणं. गिअरबॉक्सला प्रॉपेलर शाफ्ट जोडणारी रबराची चकती चिरलेली असेल तर वेग घेताना जमीन थरथरते. शेवटी गाडी वीस मिनिटं जागेवर चालू ठेवा आणि रेडिएटरचा विजेचा पंखा स्वतःहून लागतो का ते बघा. गप्पा मारत उभे राहा. मालकाला घाई झाली तर कारण तेच असतं.

७. कागद

गाडी १९८१ च्या आधीची असेल तर तिचा चासी नंबर हल्लीच्यासारखा सतरा अक्षरी नाही. अपघात आणि मालकांचा इतिहास सांगणाऱ्या संकेतस्थळांवर तो चालत नाही. त्यामुळे डोळ्यांनीच तपासा: पुढच्या काचेतून डॅशबोर्डवर दिसणारा नंबर, इंजिनखान्यात पत्र्यावर ठोकलेला नंबर आणि पिंक स्लिपवरचा नंबर. तिन्ही अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. इंजिनाचा नंबर वेगळा असेल तर घाबरू नका, इंजिनं बदलली जातात.

घेताना लागतील ती कागदपत्रं:

- विकणाऱ्याची सही असलेली पिंक स्लिप. तिच्यावर बँकेचा किंवा कर्ज देणाऱ्याचा बोजा असेल तर तो उतरवल्याची सही.
- पिंक स्लिप हरवली असेल तर आरईजी २२७ हा अर्ज, विकणाऱ्याच्या सहीसकट.
- विक्रीची पावती. तारीख, रक्कम आणि चासी नंबर स्पष्ट.
- १९७६ ची किंवा त्यानंतरची गाडी असेल तर स्मॉगचं प्रमाणपत्र.
- परराज्यातून आणली असेल तर आरईजी ३४३ हा नोंदणीचा अर्ज, आणि चासी नंबर प्रत्यक्ष बघून भरलेला आरईजी ३१. तो डीएमव्हीत (राज्याच्या वाहन नोंदणी खात्यात) किंवा परवानाधारक तपासनिसाकडून भरून मिळतो.
- विम्याचा पुरावा.

विकणाऱ्याने पाच दिवसांत गाडी दिल्याची नोंद डीएमव्हीला करायची, तुम्ही दहा दिवसांत नाव बदलायला द्यायचं. त्याच्या नोंदीची वाट बघत बसू नका.

दोन सापळे. एक म्हणजे कर. दुकानातून घेतली नाही म्हणून कर नाही असं वाटतं. डीएमव्ही तो नाव बदलताना घेते, आणि राज्याचा किमान दरच ७.२५ टक्के आहे. दहा हजारांच्या गाडीला सव्वासातशे डॉलर तरी धरा, शहराप्रमाणे आणखी. "पावतीवर दोन हजार लिहू या" असं विकणारा सुचवतो. लिहू नका. उद्या विम्याचा दावा करताना तीच पावती तुमच्यासमोर येते. दुसरा सापळा म्हणजे थकबाकी. गाडी वर्षानुवर्षं गॅरेजात पडून असेल आणि न चालवण्याची नोंद केलेली नसेल, तर मागची फी आणि दंड डीएमव्ही तुमच्याकडे मागते. आकडा आधी काढा, सौदा मग. आणि अशी नोंद केलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, ट्रेलरवरून न्या.

८. विमा

नेहमीच्या विम्यात गाडी गेली तर घसारा वजा करून हातात काहीतरी टेकवतात. पन्नास वर्षांच्या गाडीला घसारा लावल्यावर काय उरणार? जुन्या गाड्यांसाठी "ठरलेल्या किमतीचा" विमा वेगळा मिळतो. किंमत तुम्ही आणि कंपनी आधीच ठरवता, फोटो देता. अटी साधारण अशा: बंद गॅरेज हवं, रोजच्या वापराला दुसरी गाडी हवी, वर्षाकाठी मैलांची मर्यादा. हप्ता आश्चर्य वाटावं इतका कमी असतो. टो करण्याची सोय त्यातच घ्या, आणि गाडी सपाट ट्रकवरच चढवायची असं लिहून घ्या.

९. घरी आणल्यावर, फिरायला जायच्या आधी

हा मोह आवरणं सगळ्यात अवघड. मी आवरू शकलो नाही, त्याची गोष्ट पुढच्या मुद्द्यात.

टायमिंग बेल्ट बदला. पावती नसेल तर तो बदललेला नाही असं धरा. या इंजिनात दात असलेला रबरी पट्टा दोन्ही कॅमशाफ्ट फिरवतो, तो तुटला की व्हॉल्व्ह वाकायची भीती. सोबत टेन्शनरचं बेअरिंग आणि पाण्याचा पंप. हे काम स्वतः करणार असाल तर एक सूचना. खाली तिसरी पुली आहे, सहायक शाफ्टची. तिच्यावरचा फ्युएल पंपाचा उंचवटा चुकीच्या जागी बसला तर तो आत कनेक्टिंग रॉडला आपटू शकतो. म्हणजे वरच्या दोन पुल्यांच्या खुणा जुळवून भागत नाही, तिसरीही जुळवा. बेल्ट चढवल्यावर इंजिन आधी पान्ह्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं तर थांबा, जोर लावू नका.

पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदला. इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुनं रबर त्याने मऊ पडतं आणि तडकतं. नळी खालून ठिबकते आणि शेजारी गरम मॅनिफोल्ड असतो. दीडशे रुपयांची वस्तू म्हणायची सवय आहे, इथे वीस डॉलर म्हणू. त्या वीस डॉलरांसाठी गाडी जाळू नका. अग्निशामक नळकांडं सीटमागे ठेवा.

टायरवर चार आकडे असतात: आठवडा आणि वर्ष. २३१२ म्हणजे २०१२ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी असा टायर फेकून द्यायचा. तेरा इंची टायर आता मोजकेच मिळतात, म्हणून आधीच मागवा.

ब्रेकचं तेल, कूलंट, गिअरचं आणि डिफरन्शियलचं तेल, सगळं काढून नवीन. मागचे कॅलिपर उभ्या गाडीत जाम होतात, ते मोकळे करून घ्या.

नटबोल्ट सगळे मिलिमीटरचे आहेत, १०, १३, १७, १९ चे पान्हे बहुतेक ठिकाणी पुरतात. शेजाऱ्याचा इंचांचा पेटारा मागू नका, नटांचे कोपरे झिजतील.

१०. वीज: पाच डॉलरचा फ्यूज आणि हायवे ८४

गाडी आणल्यावर दुसऱ्याच शनिवारी सॅन ग्रेगोरिओच्या किनाऱ्यावर गेलो. परतताना हायवे ८४ वर, ला होंडाच्या पुढे रेडवुडच्या झाडीत अंधार पडला होता. एका वळणावर हेडलाइट विझले. सावकाश विझले असते तर बरं, एकदम विझले. टप उघडा, काही दिसेना, फक्त टायरखालच्या खडीचा आवाज. ब्रेक दाबून कडेला थांबलो. मोबाइलच्या उजेडात फ्यूजचा डबा उघडला तर एका फ्यूजची बैठक तपकिरी होऊन वितळली होती आणि प्लॅस्टिकचा तो वास अजून आठवतो. फ्यूज मात्र शाबूत.

कारण साधं आहे. या गाडीचे फ्यूज टोकदार गोळीसारखे, दोन पितळी पट्ट्यांच्या मधे अडकवलेले. पट्ट्यांवर काट चढला की तिथे उष्णता तयार होते. शिवाय बराचसा विद्युतप्रवाह इग्निशन स्विचमधूनच जातो, म्हणून स्विचही तापतो. उपाय: प्रत्येक फ्यूज काढून पट्ट्या बारीक ब्रशने घासा, हेडलाइटना वेगळे रिले लावा, आणि बॉडीला जोडलेल्या अर्थच्या तारा उघडून पत्रा चकाकेपर्यंत घासून पुन्हा आवळा. एका रविवारचं काम आहे. "इटालियन गाड्यांची वायरिंग वाईट" ही तक्रार ऐकाल त्यातली बरीचशी या काटाची असते.

११. वर्षाचं वेळापत्रक

तेल आणि फिल्टर तीन हजार मैलांनी किंवा वर्षातून एकदा, २०डब्ल्यू-५० चालतं. ब्रेकचं तेल दोन वर्षांनी. बेल्ट तीन-चार वर्षांनी, मैल झाले नसले तरी. व्हॉल्व्हचं अंतर चकत्या बदलून जमवतात, ते जाणत्या फिटरकडून करून घ्या. मुळात जवळपास असा फिटर आहे का, हे गाडी घेण्याआधी शोधायला हवं होतं. मी नंतर शोधला. एका नावाजलेल्या गॅरेजने कार्बोरेटर "ट्यून" करून दिला, गाडी घरापर्यंत दोनदा बंद पडली. शेवटी सत्तरीतला एक निवृत्त मेकॅनिक भेटला, जो कानाने मिश्रण लावतो. अशी माणसं गाड्यांच्या रविवारच्या मेळाव्यांत कॉफी पीत उभी असतात. तिथे जा, गाडीशिवाय जा.

दर पंधरा दिवसांनी निदान अर्धा तास चालवा, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत. नुसतं चालू करून बंद करणं वाईट, आत पाणी साठतं. पावसाळ्यात महिनाभर उभी ठेवणार असाल तर टाकी भरून त्यात स्थिरक (पेट्रोल खराब होऊ न देणारं रसायन) टाका, बॅटरीला देखभालीचा चार्जर लावा, आणि एअर फिल्टरचं झाकण अधूनमधून उघडा. आमच्याकडे उंदराने तिथे अक्रोड साठवले होते.

१२. डिकीत काय ठेवायचं

फ्यूजची डबी, अल्टरनेटरचा जास्तीचा बेल्ट, पेट्रोलची हातभर नळी आणि दोन क्लॅम्प, तार, चिकटपट्टी, वर सांगितलेले चार पान्हे, हेडलॅम्प (मोबाइल नव्हे, दोन्ही हात मोकळे लागतात), पाण्याच्या दोन बाटल्या, एक प्यायची, एक रेडिएटरची. आणि एक जुनी चादर. खाली आडवं व्हायची वेळ येतेच, आणि ती नेमकी चांगले कपडे घातलेल्या दिवशी येते.